गुडघे घरात, डोळे कासला: मोबाईलवरच्या फिरण्यानं खरंच बरं वाटतं का?

आमचं साताऱ्यातलं घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. ज्यांच्या घरात गुडघेदुखीचं माणूस आहे त्यांना एवढ्यावरच पुढचं सगळं कळलं असेल. आईची आधी मंडई सुटली, मग राजवाड्यापर्यंतची संध्याकाळची चक्कर सुटली, मग समोरच्या बिल्डिंगमधली भिशी, आणि गेल्या पावसाळ्यापासनं तर दवाखान्याचं काम असलं तरच खाली उतरायचं. दिवसभर टीव्ही चालू पण बघत काहीच नाही, रात्री झोप नाही, आणि कुणी कसं काय विचारलं की "मला काय धाड भरलीय" हे ठरलेलं उत्तर.

माझं पोवई नाक्याकडं मोबाईल रिपेअरिंगचं छोटं दुकान आहे. एका गिऱ्हाईकानं फोनबरोबर एक व्हीआर बॉक्स पण आणलेला, म्हणजे आत मोबाईल घालून डोळ्यांवर बांधायचा डबा, तो न्यायला परत आलाच नाही, फोन केला तर म्हणाला राहू दे तुलाच. तो मी घरी नेला आणि लई शहाणपणा करून आईला पहिलाच व्हिडिओ दाखवला तो रोलर कोस्टरचा. दोन मिनिटं पण झाली नसतील, "काढ रे हे तोंडावरचं, मळमळतंय मला" म्हणाली आणि मग तीन आठवडे तो बॉक्स रद्दीच्या पेपरांखाली.

आता माझं डोकं असं की एखादी वस्तू चालली नाही की ती का चालली नाही हे उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही, धंद्याची सवय. म्हणून वाचत बसलो, आणि घरबसल्या फिरण्यानं माणसाला खरंच बरं वाटतं का, वाटत असेल तर कशानं, हे जेवढं कळलं तेवढं आपल्या भाषेत सांगतो. मी डॉक्टर नाही हे आधीच सांगून ठेवतो.

पहिल्यांदा हा बॉक्स करतो काय ते बघू. एक बोट नाकासमोर वीतभर लांब धरा आणि एकदा डावा डोळा मिटा, एकदा उजवा. बोट इकडनं तिकडं उडी मारतं की नाही? दोन डोळ्यांत साधारण सहा-साडेसहा सेंटिमीटरचं अंतर असतं, त्यामुळं दोघांना जग जरा जरा वेगळं दिसतं आणि त्या फरकावरनं मेंदू ठरवतो की काय जवळ आहे आणि काय लांब. चार्ल्स व्हीटस्टोन नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं १८३८ सालीच हे मांडलं होतं की दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवली की सपाट कागदाला खोली येते. ज्यांच्या लहानपणी घरात व्ह्यू-मास्टर होतं, ती गोल चकती घालून खटका दाबायचं खेळणं, त्यांना हे माहितीये, त्या चकतीवर फोटो चौदा असायचे पण देखावे सातच, कारण एकेका देखाव्याचे दोन डोळ्यांसाठी दोन फोटो. ते खेळणं १९३९ चं. गूगलनं २०१४ मध्ये पुठ्ठ्याचा कार्डबोर्ड काढला, आत दोन भिंगं आणि पुढं मोबाईल, म्हणजे त्याच व्ह्यू-मास्टरचा नातू.

फक्त नातवाला एक गोष्ट जास्त येते, मान वळवली की चित्र पण वळतं. हे काम बॉक्स करत नाही, मोबाईलमधला जायरोस्कोप करतो. स्वस्तातल्या कितीतरी फोनमध्ये जायरोस्कोप नसतोच, आणि लोक माझ्याकडं तक्रार घेऊन येतात की दादा बॉक्स खराब आहे, मान वळवली तरी चित्र हलत नाही. अहो त्या बॉक्समध्ये दोन भिंगं आणि एक पट्टा, त्यात खराब व्हायला काय आहे! बॉक्स विकत घ्यायच्या आधी फोनच्या माहितीत जायरोस्कोप लिहिलाय का तेवढं बघा, पैसे वाचतील.

आता मळमळीचं. आपल्या कानाच्या आत, ऐकू येणाऱ्या भागाला लागूनच, तीन वाकड्या नळ्या असतात आणि त्यात द्रव असतो. मान वळली की तो द्रव मागं रेंगाळतो आणि त्यावरनं मेंदूला कळतं की आपण वळलो. वाईवरनं पाचगणीला जाताना पसरणी घाटात एसटीत जो पोरगा मोबाईलमध्ये डोकं खुपसून बसतो त्यालाच पिशवी लागते, कारण कान सांगतात वळण आलं आणि डोळे सांगतात काही हललं नाही. रोलर कोस्टरच्या व्हिडिओत ह्याच्या बरोब्बर उलटं, डोळे सांगतात मेलो आणि कान सांगतात अरे आपण तर खुर्चीत बसलोय. दोघांची साक्ष जुळली नाही की मेंदूला वाटतं काहीतरी विषारी पोटात गेलंय, काढा बाहेर, असा एक तर्क शास्त्रज्ञांनी मांडलाय आणि मला तो पटतो. चित्र वळायला उशीर झाला तरी हेच होतं, म्हणून चांगल्या हेडसेटमध्ये मान वळल्यापासनं चित्र वळेपर्यंत वीस मिलिसेकंदांच्या आत काम उरकायची धडपड असते, आपल्या दहा हजारांच्या फोनला ते कुठलं जमायला.

म्हणजे आईची चूक नव्हती, माझी होती. ज्यात कॅमेरा एका जागी उभा आहे असा व्हिडिओ लावायला पाहिजे होता.

तीन आठवड्यांनी बॉक्स परत काढला आणि कासचा एक साधा ३६० डिग्री व्हिडिओ लावला, कॅमेरा पठारावर ठेवून दिलेला, वारा आणि ढग. आईनं सावकाश मान फिरवली, वर बघितलं, खाली बघितलं. मग एक फूल ओळखून म्हणाली, "ही सीतेची आसवं." एवढंच. पण दहा मिनिटं तिनं बॉक्स काढला नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कास म्हणजे साताऱ्यापासनं वीस-पंचवीस किलोमीटरवरचं पठार, साधारण बाराशे मीटर उंचीवर, २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांपैकी एक म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारशात गेलं, आणि तेव्हापासनं सप्टेंबरातला रविवार म्हणजे फुलांपेक्षा गाड्या जास्त. तिथली टोपली कारवी सात वर्षांतनं एकदाच फुलते, तो हंगाम चुकला की पुढची सात वर्षं फोटोच बघायचे, तिथं मला वाटतं व्हिडिओवाली माणसं खरंच पुण्याचं काम करतात. निदान मोबाईलवर बघणाऱ्याच्या पायाखाली एक फूल तरी चिरडत नाही.

बरं, एक फूल ओळखलं म्हणून आईचा दिवस बरा गेला, ह्यात मोबाईलचा हात किती आणि योगायोग किती? इथनं पुढं अभ्यासाचं.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा अभ्यास रॉजर उलरिच यांचा, १९८४ मधला. अमेरिकेत पेनसिल्वेनियातल्या एका हॉस्पिटलात पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या पेशंटची जुनी कागदपत्रं त्यांनी काढली. काही खोल्यांच्या खिडकीतनं झाडं दिसायची आणि काही खोल्यांतनं विटांची भिंत. वय वगैरे जुळवून २३ जोड्या लावल्या तर झाडं दिसणारे पेशंट सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना जोराची वेदनाशामक औषधं पण कमी लागली. ४६ माणसांचाच अभ्यास आहे, त्यामुळं ह्याच्यावर फार मोठा मनोरा उभा करायला नको. पण बघा ना, तो माणूस झाडाखाली जाऊन बसला नव्हता, पलंगावर पडल्या पडल्या नुसतं काचेतनं बघत होता.

असं का होत असेल? मिशिगन विद्यापीठातले रेचल आणि स्टीफन कॅप्लन यांचं म्हणणं मला सोपं वाटलं. लक्ष दोन प्रकारचं असतं. एक आपण जोर लावून देतो ते, म्हणजे हिशोब करताना, ट्रॅफिकमधनं गाडी काढताना, किंवा मी बारीक सोल्डरिंग करताना. ते दमतं, दमलं की माणूस चिडचिड करतो. दुसरं आपोआप जातं, ढगांकडं, पाण्याकडं, हलणाऱ्या पानांकडं, त्याला काही जोर लागत नाही, आणि तेवढ्या वेळात पहिलं लक्ष विश्रांती घेतं. माहुलीला कृष्णा-वेण्णेच्या संगमावर घाटाच्या पायरीवर कुणी अर्धा तास नुसतं बसलं असेल तर त्याला हे समजावून सांगायची गरजच नाही.

आता कुणी म्हणेल, हे खिडकीचं झालं, स्क्रीनचं काय. तर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या एक्झेटर विद्यापीठानं एक मजेशीर प्रयोग केला. ९६ माणसांना बोलावून आधी मुद्दाम कंटाळा आणला, म्हणजे ऑफिसच्या सामानाच्या कंपनीत काम करणारा एक माणूस आपलं काम रटाळपणे सांगतोय असा व्हिडिओ दाखवला. मग त्यांना समुद्राखालचे देखावे दाखवले, काहींना साध्या टीव्हीवर, काहींना हेडसेटमध्ये ३६० डिग्री व्हिडिओ, आणि काहींना कॉम्प्युटरनं बनवलेला असा समुद्र की ज्यात त्यांना स्वतः हलवता-फिरवता येत होतं. कंटाळा आणि उदासी तिघांची कमी झाली, टीव्हीवाल्यांची सुद्धा! पण मूड वर गेला तो फक्त तिसऱ्या गटाचा, ज्यांना आत स्वतः काहीतरी करता येत होतं त्यांचा.

हा अभ्यास वाचल्यावर माझ्या दोन गोष्टी डोक्यात बसल्या. एक, महागाचा हेडसेट नसला तरी अर्धं काम घरातल्या टीव्हीवर होतं, तेव्हा हप्त्यावर काही घेऊ नका. दुसरी, बघणाऱ्याच्या हातात काहीतरी पाहिजे. नुसतं समोर बसवून व्हिडिओ लावून दिला आणि आपण दुकानात निघून गेलो तर ते पाळणाघर झालं.

म्हणून मग मी आईच्या हातात टॅब दिला आणि गूगल अर्थ लावलं. रस्त्यावरनं चालल्यासारखं दिसतं ते स्ट्रीट व्ह्यू आपल्याकडं २०२२ मध्ये सुरू झालं तेव्हा पहिल्या दहा शहरांत पुणं, नाशिक, अहमदनगर होतं, सातारा-सांगली नव्हतं, पण वरनं दिसणारं उपग्रहाचं चित्र सगळीकडचं आहे. आईचं माहेर तासगावच्या बाजूला. तिला म्हटलं ताजमहाल बघायचा का आयफेल टॉवर, तर म्हणाली, "आमची विहीर दिसती का बघ." तिथनं जे सुरू झालं ते दीड तास. तासगावच्या गणपती मंदिराचं गोपूर कुठं, तिथनं गावाचा रस्ता कुठला फुटतो, हे हिरवं सगळं द्राक्षाचंच का, आमच्या वेळी इथं ज्वारी होती, हा पत्रा कुणी घातला, हे शेत विकलं का काय दादानं! लगेच मामाला फोन. मामा म्हणाला, "विकलं नाही ताई, शेततळं केलंय, ते निळं दिसतंय ते शेततळं." बहीण-भावाचं सहा महिन्यांत एवढं बोलणं झालं नव्हतं. त्या रात्री ती झोपली की नाही मला माहीत नाही पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर शेंगदाणे भाजत होती, विहिरीची गोष्ट नव्यानं सांगत.

शेजारच्या आजींना हे कळलं आणि त्या पण आल्या, माझं गाव दाखव म्हणून. त्यांचं गाव कोयनेच्या खोऱ्यातलं, धरणाच्या पाण्यात गेलेलं, त्या सात-आठ वर्षांच्या असताना. मी घाबरलो, कारण दाखवणार काय, तिथं नुसतं शिवसागरचं निळं पाणी. दाखवलं. आजी बराच वेळ गप्प. मग त्यांनी पाण्याच्या कडेच्या डोंगराची एक सोंड धरली बोटानं आणि तिथनं खाली उतरल्या, हितं देऊळ, हितं आमचा आंबा, हितनं नदीला जायची वाट, सगळं त्या कोऱ्या निळ्यावर. स्क्रीनवर काहीच नव्हतं. तेव्हा मला जाणवलं की ह्या प्रकारात मोबाईलचं काम खुंटीएवढं आहे, गोष्ट अडकवायला, बाकी सगळं माणूस आपल्या आतनं काढतं. आपल्या आज्या-पणज्या जात्यावर बसून ओव्यांतनं माहेरी आणि पंढरीला जाऊन यायच्या, आणि मानसपूजा तर आपल्याकडं आहेच, हार फुलं सगळं मनातल्या मनात. त्यांना इंटरनेट लागलं नव्हतं. आजी मात्र त्या दिवशी जाताना रडल्या, हे पण सांगायला पाहिजे. आपल्या माणसाला कुठं न्यायचं हे आधी विचारून घ्या आणि जवळ बसा.

आता दुसरी बाजू, नाहीतर मी कुठल्यातरी हेडसेट कंपनीची जाहिरात करतोय असं वाटेल. मेंदूत हिप्पोकॅम्पस नावाचा भाग आहे, तिथल्या काही पेशी आपण कुठं आहोत ह्याचा नकाशा ठेवतात. जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांमध्ये त्या शोधल्या आणि २०१४ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. लॉस एंजलिसमध्ये संशोधन करणारे मयंक मेहता यांच्या टीमनं उंदरांना आभासी खोलीत पळवून बघितलं, तर ह्या भागातल्या साधारण साठ टक्के पेशी गप्पच बसल्या. उंदीर पळत होता, डोळ्यासमोर खोली सरकत होती, पण मेंदूचा नकाशावाला अर्ध्याहून जास्त स्टाफ रजेवर. उंदरावरनं माणसाचं सगळंच ठरत नाही, तरी कास मोबाईलवर बघितल्यावर कासला गेल्यासारखं पूर्ण का वाटत नाही ह्याचं काहीतरी उत्तर त्यात असावं. वारा नाही, चिखल नाही, पाय दुखत नाहीत, भाजलेल्या कणसाचा वास नाही.

आणि न्यूयॉर्क-मायामीमधल्या लोकांच्या मोबाईलचं जीपीएस काही महिने तपासून २०२० मध्ये एक अभ्यास आला, त्यात ज्या दिवशी माणूस जास्त वेगवेगळ्या ठिकाणी फिरला त्या दिवशी त्याला जास्त बरं वाटल्याचं दिसलं. ते फिरणं खरं, पायांचं. ज्याला गोडोलीच्या तळ्यापर्यंत चालत जाता येतंय त्यानं घरात बॉक्स घालून बसण्यात काही हशील नाही, त्यानं चप्पल घालावी. हे सगळं ज्यांना जाता येत नाही त्यांच्यासाठी, किंवा ज्या दिवशी जाता येत नाही त्या दिवसासाठी.

रील्स बघणं ह्यात धरू नका. पंधरा सेकंदांत मनाली, पुढच्या पंधरात बाली, आणि प्रत्येकात कुणीतरी आपल्यापेक्षा देखणं माणूस हात पसरून उभं. त्यानं डोळे दमतात आणि वर आपलं आयुष्य भिकार वाटायला लागतं ते वेगळंच. सावकाश पाहिजे. नॉर्वेच्या सरकारी टीव्हीनं २००९ मध्ये बर्गन ते ओस्लो हा रेल्वेप्रवास जसाच्या तसा दाखवला, सव्वासात तास, काही कापाकापी नाही, आणि दहा लाखांवर लोकांनी तो थोडाफार तरी बघितला. त्या देशाची लोकसंख्या तेव्हा पन्नास लाखांच्या आतबाहेर. सव्वासात तास रेल्वे बघणारी माणसं वेडी नव्हती, दमलेली असणार.

आणखी एक कामाचं. नेदरलँडमध्ये दीड हजार लोकांना विचारून २०१० मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात सुट्टीला जाणारी माणसं न जाणाऱ्यांपेक्षा खूश होती ती जायच्या आधी. आल्यावर बहुतेकांचं परत जैसे थे. म्हणजे मजा आहे ती पिशव्या भरण्यात, चिवडा करण्यात, गाडी कितीला सुटते ते चारदा विचारण्यात. म्हणून आम्ही आदल्या रात्री ठरवतो उद्या कुठं, आणि आई दिवसभर तेवढ्यावर असते. काशीचा घाट लावायचा होता त्या दिवशी तिनं साडी बदलली होती, मी काही बोललो नाही.

थोडी काळजी घ्यायची. बॉक्स घालून उभं राहायचं नाही, चाकं असलेल्या खुर्चीत तर अजिबात बसायचं नाही, हाताची खुर्ची घ्या. एका वेळी दहा-पंधरा मिनिटं बास. फिट येणारं माणूस असेल, कानाचा चक्करचा त्रास असेल, मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, टीव्हीवर बघा. आणि कुणाला खरंच खोल उदासी असेल, जेवण-झोप गेली असेल, तर कासचा व्हिडिओ हे त्यावरचं औषध नव्हे, दवाखाना गाठा.

आमचं सध्या संध्याकाळी सहाला चालू असतं. आईला बॉक्सपेक्षा टीव्हीवरची रेल्वे आवडायला लागलीय, खिडकीतनं काढलेले व्हिडिओ. कोकण रेल्वे लावली तर पहिल्या दिवशी वैतागली, रत्नागिरीजवळचा करबुडेचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, तेवढा वेळ समोर नुसता अंधार. फिजिओथेरपिस्टनं तिला खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा व्यायाम दिलाय जो ती कधीच करायची नाही, म्हणून मी नियम काढला की बोगदा आला की पाय सरळ, उजेड आला की खाली. बारक्या बोगद्यांना एकच पाय. करबुडेला मी सूट देतो.

महिनाभर चाललं हे. काल म्हणाली, "कोकण बास झालं आता, बोगदे नसलेली एखादी गाडी लाव." मी बर्गन-ओस्लो लावली. बर्फ बघून खूश आहे. त्या मार्गावर शंभराच्या वर बोगदे आहेत हे तिला अजून सांगितलेलं नाही.